आम्ही अर्धवट जैन

एका माणसासोबत तीन वर्षं एका घरात काढली, की किस्से गोळा करावे लागत नाहीत. माळ्यावर सामान साठतं तसे ते आपोआप साठतात, आणि एक काढायला गेलं की चार डोक्यावर पडतात! आमचा मगदूम हा असा माणूस. सांगलीकडचा दिगंबर जैन, प्रोग्रामर, आणि रागावला तरी आवाज न चढणारा. नव्वदीतलं बंगळूर. मी पुण्याचा, वानखेडे नागपूरचा. चामराजपेटेत शांताक्कांच्या घरी आम्ही तिघं भाड्यानं राहायचो आणि बसनं इलेक्ट्रॉनिक सिटीला जायचो. आम्हाला जैन धर्म कुणी शिकवला नाही. तो आमच्यासोबत राहत होता!

* * *

मगदूम सूर्यास्तानंतर जेवत नसे. अंधारात बारीक जीव दिसत नाहीत, ते पोटात जातील, म्हणून. आमच्या साहेबांना मात्र साडेपाचला मीटिंग सुरू करायची भारी हौस.

पहिल्याच मीटिंगमध्ये मगदूमनं शांतपणे डबा उघडला. साहेब गार! "व्हॉट इज धिस?"

"सर, सूर्य चाललाय."

साहेब बिचारे भले. त्यांनी मीटिंग आवरती घेतली. त्या दिवसापासून चर्चा लांबली, की अख्खं ऑफिस मगदूमला खिडकीकडे खुणावायला लागलं. एकदा वानखेडेनंही डबा काढला.

"वानखेडे, तू कधी जैन झालास?"

"सर, पाचनंतर!"

* * *

कांदा, बटाटा, गाजर बंद. कंद उपटला की झाड मरतं, आणि कंदात अनंत जीव असतात, असं मगदूम सांगायचा. वानखेडेनं लगेच कायदा काढला. "अबे, मग शेंगदाणा कसा चालते? तोही जमिनीतच असते ना!"

"ते बी आहे. कंद न्हवं."

असला वाद घालतच आम्ही कोपऱ्यावरच्या हॉटेलात शिरलो. मगदूमला मसाला दोसा फार आवडायचा, म्हणजे त्याचा आकार. त्यानं वेटरला नीट समजावलं, आत बटाटा नको, कांदा नको. वेटरनं मान डोलावली आणि भटारखान्याकडे तोंड करून आरोळी ठोकली, "ओंदु मसाले दोसे, मसाले बेडा!" म्हणजे एक मसाला दोसा, मसाला नको!

पुढं आम्हाला बघितलं, की सगळं हॉटेल ही आरोळी द्यायचं.

* * *

मगदूम पाणी जाड कापडातून गाळायचा. इथवर ठीक. पण कापडात जे अडकलं, ते ज्या पाण्यातलं त्याच पाण्यात परत सोडायचं असतं. एका सकाळी शांताक्कांनी त्याला परसातल्या विहिरीवर पकडलं. शांताक्का म्हणजे कित्येक पिढ्या बंगळुरात मुरलेलं मराठी घर.

"अण्णा, काय सोडताय वो विहिरीत?"

"अक्का, पाण्यातले जीव. त्यांच्या घरी पोचवतोय."

अक्कांनी विहिरीत वाकून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाल्या, "तिघेजण म्हणून घर दिलं मी. इतके आहात म्हणून सांगितलंच नाही की!"

* * *

साहेबांनी एकदा विचारलं, "मगदूम, प्रोग्राम झाला?"

"एका दृष्टीनं झालाय. एका दृष्टीनं नाही." कुठलीही गोष्ट एकाच बाजूनं खरी नसते, ही जैनांची मोठी शिकवण आहे. अनेकांतवाद म्हणतात. साहेबांनी ती शांतपणे ऐकून घेतली.

"छान. आता क्लायंटच्या दृष्टीनं सांग!"

* * *

पर्युषण संपलं, की मगदूम सगळ्यांपुढे हात जोडायचा. "कळत-नकळत काही दुखावलं असेल तर क्षमा कर."

पहिल्या वर्षी वानखेडे एकदम सावध झाला. "काऊन बे? काय केलं तू माझं?"

"काही नाही रे. सगळ्यांची मागतात."

वानखेडेला पटेना. त्यानं संध्याकाळभर आपली ट्रंक उपसली. काहीच गेलेलं नव्हतं, उलट माझा हरवलेला टॉवेल तिच्यात सापडला. मग वानखेडेच मला म्हणाला, "उत्तम क्षमा!"

* * *

आता आईंचा किस्सा.

त्या पावसाळ्यात आमच्याजवळच्या बसदीत, म्हणजे जैन मंदिरात, एक दिगंबर मुनिमहाराज चातुर्मासाला उतरले होते. ते कळताच मगदूमची आई गावाहून आली. जन्मात एकदा तरी आपल्या हातचा घास मुनींच्या ओंजळीत पडावा, एवढीच तिची इच्छा. वडील होते तेव्हा जमलं नाही, ते गेल्यावर तर तिला त्याचा ध्यासच लागला होता. तिकडे मगदूमच्या बहिणीचं बाळंतपण जवळ आलेलं, त्यामुळे मुक्काम थोडाच.

पण हे सोपं नसतं. मुनी दिवसातून एकदाच जेवतात, उभ्यानं, ओंजळीत. निघताना मनाशी एक संकल्प करतात, की अमुक दृश्य ज्या दारात दिसेल तिथंच थांबायचं. न दिसलं तर उपाशी परत. आणि संकल्प कुणालाही सांगायचा नाही!

वानखेडे थक्क झाला. "म्हणजे पासवर्ड आहे, अन् तो विचाराचाही नाही!"

आमच्या गल्लीत जैनांची बरीच घरं. रोज सकाळी दारोदारी माणसं नटून उभी. आम्हीही. आज वानखेडेच्या हातात नारळ, उद्या माझ्या हातात केळी, परवा शांताक्कांच्या डोक्यावर कलश. महाराज यायचे, पाहायचे, पुढे जायचे. दोनदा तर सगळीच दारं ओलांडून ते उपाशी परत गेले, आणि आईही जेवली नाही. मला त्या माउलीकडे बघवेना.

शेवटचा दिवस उजाडला. दुसऱ्या दिवशी तिची गाडी होती. पहाटे उठून तिनं पुन्हा सगळा स्वयंपाक केला. महाराज त्या दिवशी लवकर निघाले आणि वानखेडे न्हाणीघरात दाढी करत होता! बाहेर "नमोस्तु, नमोस्तु" ऐकलं आणि आपला नारळ राहिला म्हणून तो तसाच धावत सुटला. एक गाल गुळगुळीत, दुसऱ्यावर फेस, छातीशी नारळ!

मगदूमनं डोळे मिटून घेतले.

महाराज थांबले.

मुनींना थांबवायचे ठरलेले शब्द आईनं तुकड्यातुकड्यानं म्हटले. "अत्र... अत्र... तिष्ठ, तिष्ठ." महाराज खरंच आमच्या दारात उभे होते.

पुढची धास्ती वेगळीच. अन्नात केस निघाला तर मुनी त्याच क्षणी जेवण सोडतात. मगदूमनं वानखेडेला फाटकाबाहेर नेऊन उभं केलं आणि बजावलं, "हलू नको. गाल पुसू नको. श्वाससुद्धा तिकडं सोड!" आत आई एकेक घास ओंजळीत ठेवत होती. घास पडतोय की काय असं वाटायचं, पण एकही पडला नाही. महाराजांनी शेवटचं पाणी घेतलं आणि आम्ही सगळ्यांनी एकदम श्वास सोडला.

महाराज गेल्यावर आई बाहेर आली. रडत होती, हसत होती. वानखेडेच्या वाळक्या फेसाच्या गालावरून तिनं हात फिरवला. "लेकरा, तू आलास म्हणून महाराज थांबले बग." वानखेडेसारखा वानखेडे, त्याच्याही डोळ्यांत पाणी आलं.

अर्ध्या तासात गल्ली आमच्या दारात! "उद्या आमच्याकडे उभं राहता का? पण दाढी करू नका हां!" शांताक्कांनी तर त्याचा वस्तराच काढून घेतला. "स्वल्प थांबा अण्णा, पुण्य आहे हे." बिचारा तसाच ऑफिसला आला. साहेबांनी एकदा या गालाकडे पाहिलं, एकदा त्या.

"वानखेडे, आज हाफ डे?"

संध्याकाळी आईला घेऊन आम्ही बसदीत दर्शनाला गेलो. महाराज बेळगावकडचे, मराठी बोलणारे. मागे गल्लीतली मंडळी कान टवकारून बसलेली. मगदूमनं हात जोडले. "महाराज, सकाळचा संकल्प काय होता? नारळ? की..." आणि तो अडखळला.

महाराजांनी आईकडे पाहिलं. मग वानखेडेकडे.

"बाळ," ते म्हणाले, "राहिलेली दाढी आता करून टाक!"