कुत्र्याच्या घशातला गळ

मासे धरण्यात मी कधीच हुशार नव्हतो, हौस मात्र दांडगी. लढाईच्या दिवसांत दुकानातले बारीक गळ मिळेनासे झाले, तेव्हा मी लोहाराकडून एक ठोकून घेतला. चांगला जाड, उलट्या काट्याचा. तो घेऊन उन्हाळ्यातल्या एका सकाळी पैनगंगेच्या उथळात गेलो. बरोबर माझा कुत्रा होता आणि शेजारचे पिंजारी चाचा.

चाचांना कुत्र्याचं वावडं होतं. नमाजी माणूस, कुत्र्याची लाळ लागली की कपडा धुतल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. म्हणून ते पन्नास पावलं खाली, वेगळ्या दगडावर बसत. "तुह्यं जनावर तुह्याजवळ ठेव, बाप्पा," एवढंच म्हणत.

आमच्याकडे वावरात जेवायला बसलं की भाकरीचा पहिला घास दगडावर ठेवायचा, तो कुत्र्याचा. शिदोरी उघडी पडली तरी माझा कुत्रा तोंड लावत नसे. दगडावरचं तेवढं आपलं समजे. त्या सकाळी मी भाकरी मळून गोळी केली, गळावर चढवली, आणि दोरीचा गुंता सोडवायला म्हणून गळ ठेवला तो नेमका दगडावर. वळून पाहतो तर गोळी नाही, आणि दोरी कुत्र्याच्या तोंडात शिरलेली.

"चोट्ट्या!" म्हणून मी काठी उगारली. शुद्ध गाढवपणा! चोरी कसली, त्याने आपला घास खाल्ला होता. तो भिऊन पाण्यात पळाला. दोरी सरसर निघाली, मी ती पकडली आणि तो केकाटला.

"ओढू नको!" चाचा खालून ओरडले. "ढील दे त्याले! ढील दे!"

दोरी जेमतेम दहा हात. मी पुचकारत त्याच्यामागे निघालो, गुडघाभर पाण्यात, शेवाळलेल्या दगडांवरून. पुढे डोह होता. तो पोहायला लागला असता तर दोरी ताणली गेली असती. सोडावी तर घशात गळ घेऊन तो कुठेतरी झुडपात मरून पडला असता. डोहाच्या कडेला तो थांबला, खोकला, आणि काठी उगारणाऱ्या माझ्याकडेच परत आला. मी त्याला उचलून काठावर आणलं.

चाचा काठावरच्या बोरूचं वीतभर पोकळ कांडं कापून उभे होते. त्यांनी दोरी तोडून कांड्यात ओवली.

"ही नळी गळापोतर सरकवतो. काटा नळीत घेतला का मंग बाहीर. तू जबडा धरजो. काई झालं तरी सोडू नको."

"चाचा, तुमचा हात..."

"बोलू नको. धर."

मी जबडा फाकवून धरला. चाचांची बोटं आत गेली, लाळ त्यांच्या कोपरापर्यंत ओघळली. कुत्र्याला उमासा आला आणि मी डोळे मिटले. माझी पकड सैल झाली. दात चाचांच्या हातावर मिटले.

त्यांनी हात मागे घेतला नाही. हिसका बसला असता तर घसा फाटला असता. "उघड," ते हळूच म्हणाले. मी सगळा जोर लावून जबडा उघडला. नळी बाहेर आली, तिच्या टोकात गळ, वर थोडं रक्त.

कुत्रा धापा टाकत पाणी चाटू लागला. मला रडू फुटलं. चाचांच्या हाताला दोन खोल भोकं पडली होती. ते रेतीने पुन्हापुन्हा हात घासत होते. मी धोतराची चिंधी फाडून बांधली.

परतताना मात्र माझा जीव पुन्हा टांगणीला लागला. त्या उन्हाळ्यात पिसाळलेल्या कुत्र्यांची फार धास्ती होती. माणसाला चावलेलं कुत्रं गावात टिकत नसे. लोक काठ्या घेऊन यायचे आणि कोणाचं ऐकून घ्यायचे नाहीत. वेशीजवळ चौघे जण बसलेच होते.

"चाचा, हाताले काय झालं?"

चाचांना मी तोवर कधी खोटं बोलताना ऐकलं नव्हतं. त्यांनी एकदा कुत्र्याकडे पाहिलं.

"शिंगट्या माशाचा काटा रुतला," ते म्हणाले. "मोठा होता. सुटून गेला."