न ऐकलेलं वाक्य

पहिलीच्या बाई तापट आहेत, हे अख्ख्या शाळेला ठाऊक होतं. मुलांवर मात्र त्यांचा आवाज कधी चढला नाही. चढायचा तो मोठ्यांवर. "पहिलीला काय, नाकं पुसायची आणि गाणी म्हणायची," असं वरच्या वर्गाचे मास्तर म्हणाले की बाई म्हणायच्या, "या ना एक दिवस. नुसती नाकं पुसून दाखवा." कुणी आलं नाही. वर्ग वाटताना त्या दरवर्षी पहिलीच मागायच्या, आणि ती त्यांना भांडणाशिवाय मिळायची.

त्या वर्षी मध्येच एक मुलगी दाखल झाली. आई शिवणकाम करायची. पोरगी एवढीशी, पण तोंडानं तिखट, म्हणून वर्गानं तिचं नाव मिरची ठेवलं. हेडसर म्हणाले, "हिला बालवर्गात बसवा." बाई हटून बसल्या. "महिनाभरानं या. वाचून दाखवेल."

सर आले. मिरचीनं पुस्तक उघडलं आणि ओळीखालून बोट सरकवत धडा घडाघडा म्हणून टाकला. सर खूश झाले. "राहू दे पहिलीत." बाईंची मान ताठ झाली.

सर दाराबाहेर गेले तरी पोरीचं चालूच होतं. पान उलटायचं राहून गेलं होतं, आणि ती पुढच्या पानावरचं म्हणत होती.

बाईंनी ते पाहिलं. शाळा सुटल्यावर त्यांनी तिला थांबवून घेतलं. पुस्तकातलं चित्र तळहातानं झाकलं आणि मधल्याच एका शब्दावर बोट ठेवलं.

"हे काय गं?"

मिरची तळहाताखालचं चित्र बघायला वाकली.

"पाठ कसं झालं तुझं?"

"शेजारची ताई तिच्या भावाला हेच पुस्तक रोज मोठ्यानं वाचून दाखवते. भिंतीतून ऐकू येतं." मग हळूच म्हणाली, "सरांना सांगणार?"

बाईंना राग आला, तो स्वतःचाच. महिनाभर त्या या पोरीचा आवाज ऐकत आल्या होत्या; डोळे कुठं फिरतात ते पाहिलंच नव्हतं.

"सांगणार. पण तू खरंच वाचायला लागलीस की मग. तोवर रोज माझ्याजवळ थांबायचं."

"आणि नाहीच आलं तर?"

"तर तुला बालवर्गात नेऊन बसवेन आणि शेजारी मीही बसेन. आता सांग, घरी कोण काय करतं?"

"आई मशीन चालवते. मनी दूध पिते. आजी घोरते." मनी म्हणजे मांजर.

बाईंनी जाड कागदावर ते जसंच्या तसं लिहिलं आणि कात्रीनं एकेका शब्दाची पट्टी कापली. पट्ट्यांची जागा बदलली तरी मिरची छताकडे बघत तेच म्हणायची. मग बाईंनी एकेक पट्टी वेगळी हातात दिली. बोटानं गिरवून घेतली, तोच शब्द फळ्यावरच्या गर्दीत हुडकायला लावला. 'मनी' आणि 'मशीन' या दोन्हींत 'म' सापडला तेव्हा मिरची म्हणाली, "हा चोर इथंही घुसलाय."

असे बरेच दिवस गेले. एका दुपारी बाईंनी चकार शब्द न काढता बाकावर तीन पट्ट्या मांडल्या. मनी. मशीन. चालवते.

मिरचीचं बोट पहिल्या पट्टीवर गेलं. ओठ हलले. दुसऱ्या पट्टीवर ती रेंगाळली, तिसरीपाशी अडली, परत मागं आली. आणि खुदकन हसली.

"बाई, तिचा पाय पायडलला पोचेल का?"

हे वाक्य तोवर कुणी उच्चारलंच नव्हतं. ताईनं नाही, बाईंनीही नाही. बाई पदरानं डोळे टिपू लागल्या.

"रडताय?"

"खडू गेला डोळ्यात."

"मला एक पट्टी हवी. 'बाई' लिहून द्या."

बाईंनी लिहून दिली. मिरचीनं बाकीच्या पट्ट्यांतून 'घोरते' हुडकून काढली, तिच्या अलीकडे 'बाई' ठेवली, बाक नीट झटकला आणि हाताची घडी घालून उभी राहिली. "हं, वाचा."

बाईंनी मोठ्यानं वाचलं.

"साफ खोटं आहे," त्या म्हणाल्या. "चल, सरांना दाखवू."

"हेच?"

"हेच. आणि आधीचंही सगळं सांगू."

मिरचीनं पट्ट्या ओंजळीत घेतल्या आणि बाईंच्या पुढं चालू लागली.