बिब्याचा धूर

माझं माहेर केनवडचं. बाजार उठला की आम्ही पोरी फुटक्या टोपल्या, आंब्याच्या कोया, उसाची चिपाडं वेचून आणायचो आणि आई ते सगळं चुलीत घालायची. जे जळतं ते जळण, एवढंच शास्त्र घेऊन मी पंधराव्या वर्षी जऊळक्याच्या बाजूला सासरी आले. चूल कशी पेटवावी हे मला कोणी शिकवू नये, असा माझा तोरा. आज ती पोरगी समोर आली तर तिच्याच हातातली फुंकणी घेऊन तिच्या पाठीत घालीन.

त्या श्रावणात झड लागली होती, थांबायचं नाव नाही. कपाशीच्या पऱ्हाट्या भिजल्या, गोवऱ्या पोटातून ओल्या झाल्या. थोरल्या जाऊबाईंना बाळंत होऊन पंधरा दिवस झाले होते. त्यांची खोली स्वयंपाकघराला लागूनच. मधे कुडाची भिंत, तीही आढ्यापर्यंत न पोचलेली. बाळाचं अंघोळीचं पाणी सकाळी भाकरीच्या आधी तापलंच पाहिजे, हा सासूबाईंचा नेम.

पहिल्या दिवशी मी मोडकं सूप जाळलं. दुसऱ्या दिवशी बाजेचा तुटका पाय. तिसऱ्या दिवशी झिजलेला झाडू, तोही सासूबाईंची पाठ वळलेली बघून. रोज पाणी वेळेवर आणि रोज माझी मान जास्त ताठ. चौथ्या दिवशी घरात कोरडं असं सासऱ्यांचं, मामाजींचं, पागोटं तेवढं उरलं होतं.

मग मला गोठ्यातलं गाडगं आठवलं. उन्हाळ्यात सासूबाईंनी बिबे फोडून आतल्या खायच्या बिया, गोडंब्या, काढल्या होत्या, त्यांची टरफलं त्यात ठेवलेली. त्यांचं काळं तेल मामाजी पायांच्या भेगांना लावायचे. बिबा अंगाला लागला की उततो, फोड येतात, हे मला ठाऊक होतं. म्हणून या शहाणीने हातांना राख चोळली आणि टरफलं चिमट्यानं उचलून चुलीत टाकली. हात सांभाळले. धूर कुठं जाईल, हे मात्र डोक्यात आलं नाही.

टरफलं तडतडली आणि भडकली. काळा, चिकट धूर वर गेला, आढ्याखाली थोडा घुटमळला आणि कुडावरून पलीकडे उतरला. मी तो उतरताना पाहिला. पण पाणी खदखदायला लागलं होतं, आणि मी पाण्याकडेच बघत राहिले.

“काय घातलं वं चुलीत?” सासूबाईंनी ओसरीवरून विचारलं.

“जुना झाडू, मामी.”

मामाजींच्या टरफलांवरून बोलणी बसतील म्हणून मी कालचं पाप पुढं केलं. झाडू जाळल्याबद्दल जे काय ऐकायचं ते ऐकून घेतलं आणि सुटले म्हणून खूश झाले.

दुसऱ्या दिवशी उजाडलं तेव्हा बाळाच्या पापण्या सुजून मिटल्या होत्या. गालांवर पुरळ. जाऊबाईंच्या गळ्यावर चट्टे. माझं तोंड तर भोपळा झालेलं, कपाळभर पाण्याचे फोड. त्या दिवसांत खालच्या अंगाच्या गावांत देवी निघाल्या होत्या, एका घरातली दोन लेकरं गेली होती. सासूबाईंनी आमची तोंडं पाहिली आणि दाराला कडुलिंबाचे डहाळे बांधले.

देवी घरात आली की फोडणी बंद, औषध बंद, अंगाला तेलाचा थेंब नाही. आणि जिच्या अंगावर ती उमटली, तिला सून कोण म्हणणार? ती देवीच. सासूबाई मला हळदकुंकू लावून पाया पडल्या. ज्या बाईनं मला कधी ताजी भाकरी वाढली नव्हती, ती हात जोडून “माय, शांत हो” म्हणत होती. शेजारणी नारळ ओवाळून माझ्यापुढं ठेवून गेल्या. मी पाटावर बसून सुजल्या डोळ्यांच्या फटीतून सगळं बघत होते. खोटं कशाला बोलू, अर्धा दिवस मला फार बरं वाटलं.

दुपारी खाज सुटली. बिबे फोडणाऱ्या बायांची तोंडं मी पाहिली होती, तशीच ही. मी ओळखलं. त्यावर तीळ-खोबरं वाटून लेप द्यायचा असतो, हेही मला माहीत होतं. तेच तर देवीच्या घरात चालत नव्हतं. मी बोलले नाही. पलीकडे बाळाचं रडणं तासातासाला बारीक होत गेलं, आणि मी इकडं देवी होऊन बसले.

तिसऱ्या दिवशी सकाळी जाऊबाई त्याला घेऊन आल्या. ओठ सुजल्यानं तो दूध ओढत नव्हता. पापण्यांतून पिवळं पाणी येत होतं. त्यांनी त्याला माझ्या पायांशी ठेवलं.

“माय, याचे डोळे ठेव. पाह्यजे त माहे घे.”

मी पाय मागे ओढले.

“मी देवी नाही, बाई. म्या बिब्याचे टरफलं जाळले.”

सासूबाई दारात उभ्या होत्या. मला वाटलं, आता फुंकणी येते. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. माझ्यापुढचा नारळ उचलला, दगडावर फोडला आणि पाट्यावर तीळ-खोबरं वाटायला बसल्या. ओवाळलेल्या नारळाचा लेप पहिल्यांदा बाळाला लागला, मग जाऊबाईंना. मला उरलेला. पापण्या पुसायला सासूबाईंनी आपल्या लुगड्याचा पदर फाडला.

“गावाला सांगायचं, देवी आली अन् गेली,” लेप लावता लावता त्या म्हणाल्या. “समजलं?”

पाच दिवसांनी बाळानं डोळे उघडले. सासूबाईंनी त्याच्यासमोर दिवा डावीकडून उजवीकडे फिरवला. उजवा डोळा दिव्यामागं गेला. डावा जिथं होता तिथंच राहिला. सासूबाईंनी दिवा पुन्हा फिरवला. मग खाली ठेवला.

तो आता नातवंडांचा धनी आहे. काही बघायचं असलं की मान डावीकडे वळवतो. देवीनं एक डोळा नेला, असंच तो सगळ्यांना सांगतो. त्याच्या आईनंही मरेपर्यंत त्याला वेगळं काही सांगितलं नाही. पण बाळंतपणाचे चाळीस दिवस उलटल्यावरसुद्धा त्यांनी तो कधी माझ्या मांडीवर दिला नाही.

पावसाळ्यात माझ्या चुलीतून धूर निघाला की तो दारात येऊन मान वळवतो आणि विचारतो, “काकू, काय जाळून राह्यली?”

मी रोज सांगते, लाकूड.