आतला कानडीत बोलायचा

"थांबा. जरा आत विचारते."

असं म्हणून आक्का डोळे मिटायची आणि आम्हा लिंगायतांच्या गळ्यात असतं ते लिंग पदराखालून मुठीत धरायची. समोरच्यानं मग गप्प बसायचं, एवढं आमच्या सोलापूरच्या भवानी पेठेत सगळ्यांना ठाऊक होतं. कुणी घाईचा असला तर तो उंबऱ्यावर बसून रस्त्यावरची माणसं बघायचा. थोड्या वेळानं आक्का डोळे उघडायची आणि म्हणायची, "हौदु." नाहीतर, "ब्याड." हौदु म्हणजे होय, ब्याड म्हणजे नको. तिचं माहेर अक्कलकोटच्या पलीकडचं. त्यामुळं तिच्या आत जो कोण होता, तो कानडीतच बोलायचा. आक्का ते आम्हाला मराठीत सांगायची.

"आक्का, आत कोण राहतं गं?" आम्ही पोरी तिला चिडवायचो.

"मालक ऱ्हातो की," ती म्हणायची. "भाडेकरू मी हाय."

देवाचं नाव घेऊन दुसऱ्याला भिववणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आक्का त्यातली नव्हती. तिनं कधी कुणाला ताईत दिला नाही की कुणाचं भविष्य सांगितलं नाही. नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही. शेंगांची चटणी कुटून विकायची, त्यावर तिचं चालायचं. लग्नं जुळवणं हा मात्र तिचा नाद. त्याबद्दल ती कुणाकडून काही घ्यायची नाही. लग्नात हुग्गी पोटभर मिळाली की झालं. हुग्गी म्हणजे आमच्याकडची गव्हाची खीर. तिच्या पानात ती पडली की आक्का कुणाशी बोलायची नाही.

बाजारात भाजीवाल्या तिची थट्टा करायच्या. "आक्का, वांगी घ्यायच्या आधी आत इचारा की!"

"वांग्याचं काय इचारायचं? वांगं हाताला कळतंय," आक्का म्हणायची. "त्याला तेवढंच काम हाय व्हय?"

लग्न जुळवणाऱ्या बायका तेव्हा पुष्कळ होत्या. मुलगी सावळी असली तर गव्हाळ सांगायच्या, मुलगा नुसता बसून असला तर घरची शेती बघतो म्हणायच्या. आक्का मात्र जे असेल ते बोलायची. मुलाकडच्यांना सरळ सांगायची, "पोरगी रागीट हाय. पन राग भाकरी फुगस्तोवर. मग हसती." मुलीकडच्यांना सांगायची, "पोरगा चांगला हाय, फक्त घोरतो. शेजारच्या घरात ऐकू जातंय. मी इचारून आलेय." एकदा एका गृहस्थांनी आपल्या मुलीचं वय दोन वर्षांनी कमी सांगायला सुचवलं. आक्का गंभीरपणानं म्हणाली, "सांगते की. पन ती दोन वरसं मी ठेवू कुटं?" गृहस्थ स्वतःच हसत सुटले. मुलीचं लग्न खऱ्या वयावरच जमलं.

एवढं खरं बोलायचा हट्ट का, असं माझ्या आईनं तिला एकदा विचारलं. आक्का म्हणाली, "पूर्वी बोलले की मी खोटं. एका पोराचा आजार झाकला. लगीन झालं, पोरगा बी बरा झाला, कुणाचं काय बिघडलं न्हाय. पन माझ्या आतलं बंद पडलं. डोळे मिटले की नुसतं सुनं, जत्रा उठून गेल्यावानी. लई दिवस गेले. शेवटी मुलीच्या आईच्या पाया पडून खरं सांगितलं, तवा कुटं परत आवाज आला." आई म्हणाली, "काय म्हणाला मग?" आक्का म्हणाली, "काय म्हननार? आधी शिव्याच दिल्या की. कानडीत."

भांडण झालं की त्या दिवशी ती कुणाच्या लग्नाचं बोलायची नाही. एकदा पाण्यावरून शेजारणीशी तिचं कडाक्याचं वाजलं, आणि नेमकी तेव्हाच परगावची माणसं मुलगी विचारायला दारात आली. आक्का पदर खोचलेली, हातात कळशी. "आज जावा," ती त्यांना म्हणाली. "आज मी भांडलेय. आज आत रागच बोलणार, आन् मला वाटणार देव बोलला. उद्या या." ती माणसं बिचारी खरंच दुसऱ्या दिवशी आली.

आता माझी गोष्ट.

आमचं खण-लुगड्यांचं दुकान होतं. वडिलांना सगळी पेठ आप्पा म्हणायची. मी मराठी सातवी पास झाले होते आणि घरी बसले होते. मंगळवेढ्याचं एक स्थळ आक्कानंच आणलं. काळ्या रानाची जमीन, ज्वारीनं भरलेलं घर, मुलगा शांत आणि निर्व्यसनी. आप्पांना स्थळ इतकं पसंत पडलं की त्यांनी आठवड्यातच साखरपुडा धरला.

त्या दिवशी मंगळवेढ्याची मंडळी सर्व्हिस मोटारीनं आली. विधी करायला स्वामी येऊन बसले. चुलीवर हुग्गी शिजत होती. आतल्या खोलीत आक्का माझ्या वेणीत गजरा माळत होती. काहीतरी बोलायचं म्हणून तिनं विचारलं, "काय गं, मनात काय हाय?"

"काही नाही," मी म्हणाले.

तिचा हात थांबला. "परत म्हन."

"काही नाही गं आक्का. आप्पा म्हणतील तसं."

ती खाली बसली. लिंग मुठीत धरून डोळे मिटले. बराच वेळ गेला. मग तिचे ओठ हलले, "ब्याड." मला ऐकू जाऊ नये अशा बेतानं ती ते म्हणाली होती. "परत इचारते," असं पुटपुटून तिनं पुन्हा डोळे मिटले. स्थळ तिनं स्वतः आणलेलं, तिला होकारच हवा होता. पण डोळे उघडले तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. नेहमी हसणाऱ्या त्या बाईला घाबरलेली मी प्रथमच पाहिली.

ती उठली आणि थेट बैठकीत गेली. मी दाराआड उभी राहिले.

"आप्पा, हे थांबवा," ती म्हणाली.

आप्पांना वाटलं, स्वयंपाकात काही राहिलं असेल. "काय थांबवू?"

"सोयरीक."

"कारण काय?"

"कारण मला ठाऊक न्हाय. पोरगा चांगला हाय, घर चांगलं हाय. मीच आणलंय. पन आत नको म्हणतंय. दोनदा इचारलं."

मुलाचे चुलते ताडकन उठले. "ही काय थट्टा लावलीय? आमच्या पोरात खोट काय हाय, ते तोंडानं बोला!"

"काय खोट न्हाय. पोरीत बी न्हाय. खोट असंल तर माझ्या ऐकण्यात असंल. बोल लावायचा तर मला लावा," आक्का म्हणाली. ती दारातून हलली नाही.

मग जो गोंधळ झाला तो सांगत नाही. स्वामींनी सांगितलं की असा अपशकुन झाल्यावर आज पुढं जाऊ नये. चुलते टोपी घालून निघाले. तेवढ्यात नवरा मुलगा, जो आतापर्यंत एक शब्द बोलला नव्हता, हळूच म्हणाला, "काका, जेवून गेलं तर चालंल का? सकाळधरनं मोटारीत बसलोय, आन् हुग्गीचा वास यायलाय."

दाराआड माझी आई आधी हसली. मग बैठकीत कुणीतरी हसलं. शेवटी मोडलेल्या साखरपुड्याच्या पंगती बसल्या. आप्पा आवळलेल्या तोंडानं वाढत होते. आणि हे सगळं जिनं घडवलं, ती बायकांच्या पंगतीत बसून पुन्हा हुग्गी मागत होती.

"हिच्या घशाखाली उतरते तरी कशी!" आई म्हणाली.

"हुग्गीचा काय दोष?" आक्का म्हणाली. डोळे मात्र भरलेले होते.

पुढचे दिवस तिला फार जड गेले. "स्वतःच जुळवते, स्वतःच मोडते," असं लोक म्हणू लागले. लोकांचं तिच्याकडं स्थळं घेऊन येणं बंद झालं. आप्पांनी तिला आमच्या घराची पायरी चढायला मनाई केली. माझ्यावर बालंट येऊ नये म्हणून ती घरोघर सांगत फिरली की मुलीत काही कमी नाही. चटणीची बरणी घेऊन मंगळवेढ्याला माफी मागायला गेली. चुलत्यांनी तिला दारातूनच परत पाठवलं. काही दिवसांनी ती पुन्हा गेली. पेठेत माझ्या कानावर तिच्या उखळाचा आवाज यायचा, पण त्याबरोबर चालणारं तिचं गाणं बंद झालं होतं.

एका दुपारी आप्पा दुकानात असताना मी तिच्याकडं गेले.

"आक्का, तू का मोडलंस?"

"खरं सांगू? मला अजून कळलं न्हाय गं." तिनं मुसळ बाजूला ठेवलं. "तू 'काही नाही' म्हणालीस, तवा माझ्या आत कायतरी दाणकन पडल्यावानी झालं. काय पडलं ते तूच सांग की. तुझ्या मनातलं तुला ठाऊक."

गजरा माळताना आक्कानं विचारलं तेवढंच, एरवी मला कुणी हे विचारलंच नव्हतं. घरात मुलीच्या मनाला काही असतं, ही कल्पनाच नव्हती. मीदेखील ते स्वतःला कधी विचारलं नव्हतं. आणि तिच्या त्या शेंगांच्या वासाच्या खोलीत माझ्या तोंडून एकदम निघून गेलं, "मला शिकायचंय. पुण्याला ट्रेनिंग कॉलेजात जायचंय. मास्तरीण व्हायचंय मला."

बोलून झाल्यावर माझीच मला भीती वाटली. आक्का माझ्याकडं बघत राहिली. मग तिनं मांडीवर अशी थाप मारली की शेंगदाणे उडाले. "अव्वा! हे होतं व्हय!" ती हसत सुटली. हसता हसता रडली, आणि मला जवळ घेऊन पुन्हा हसली. लोकांचे इतके टोमणे खाऊन तिला स्वतःच्या ऐकण्याचीच शंका यायला लागली होती, हे मला तेव्हा कळलं.

"आक्का," मी विचारलं, "तुला खरंच आत ऐकू आलं, का तू माझा चेहरा वाचलास?"

"ते काय येगळं हाय व्हय?" ती म्हणाली. "आन् ऐकू येणं सोपं हाय गं. समद्यांनाच येतंय. ऐकल्यावर उठून बैठकीत जावं लागतंय, ते अवघड. त्या दिवशी मला वाटलं, आजवर ऐकलं ते समदं ह्याच्यासाठीच."

लगेच पदर नीट करून ती आप्पांच्या दुकानाकडं निघाली. मी मागोमाग. घराची पायरी बंद होती, दुकानाची नव्हती, असा तिचा हिशेब. तिथं एक गिऱ्हाईक बाई खण बघत होती.

"आप्पा, आज मी आतलं काय सांगायला आले न्हाय," आक्का म्हणाली. "पोरीनं तोंडानं सांगितलंय. तेवढं ऐका."

मी सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना भीती कमी वाटली. आप्पांनी हातातला खण खाली ठेवला. रागावतील असं वाटलं होतं, पण ते थकल्यासारखे दिसले.

"आक्का, तुमचं बरं आहे. तुम्ही तुमच्या आतल्याला विचारता. मी कुणाला विचारू? भाऊबंदांना विचारलं तर काय म्हणतील ते मला आताच ठाऊक आहे."

"तुमच्या आतल्याला इचारा की. तुमाला बी हाय."

"मला तसलं काही ऐकू येत नाही."

"इचारलंय कधी?"

आप्पांनी इकडंतिकडं पाहिलं. मग त्या भर बाजारात, गादीवर बसल्या बसल्या, माझ्या वडिलांनी सदऱ्यावरून गळ्यातलं लिंग धरलं आणि डोळे मिटले. गिऱ्हाईक बाई वैतागून म्हणाली, "शेट, तो हिरवा दाखवताव का न्हाय?"

"थांब गं बाई," आक्का कुजबुजली. "ते आत गेलेत."

गिरणीचा भोंगा झाला. रस्त्यावरून सूत लादलेली गाडी खडखडत गेली. आप्पा आतच होते. मग त्यांनी डोळे उघडले. ते ओले होते. बाईला हिरवा खण काढून देत त्यांनी माझ्याकडं न बघता म्हटलं, "ट्रंक लागेल हिला एक. चांगली बघून घेऊ."

मी पुण्याला गेले, शिकले आणि सोलापुरातच मुलींच्या शाळेत लागले. मंगळवेढ्याचा तो मुलगा वाईट निघाला असेल, असं तुम्हाला वाटत असेल तर तसं काही झालं नाही. आक्कानं खेपा घालून चुलत्यांचा राग घालवला आणि त्याला बायको बघून दिली. त्याचा संसार सुखाचा झाला. हुरड्याच्या दिवसांत त्यांच्याकडून आम्हाला आग्रहाचं बोलावणं यायचं.

पुढं माझ्यासोबतच्या एका शिक्षकांशी माझं लग्न ठरत होतं. मी त्यांना घेऊन आक्काकडं गेले आणि म्हटलं, "आत विचार ना."

"मी कशाला? तू इचारलंस?"

"विचारलं."

"मग झालं की. हुग्गी कधी, तेवढं सांग."

आमच्या लग्नानंतर तिला मुसळ उचलेना. अक्कलकोटच्या पलीकडं तिची धाकटी बहीण होती, तिच्याकडं जायचं तिनं ठरवलं. तिला पोचवायला आम्ही स्टेशनवर गेलो. आप्पाही आले होते. मी रडायची तयारी करूनच गेले होते. आक्का डब्यात चढली, खिडकीशी बसली, आणि समोर बसलेल्या अनोळखी बाईला कानडीत काहीतरी विचारलं. ती बाई बोलायला लागली. बोलता बोलता तिनं डोळे पुसले. आक्का पुढं सरकून ऐकू लागली, तिच्या गुडघ्यावर हात ठेवून. मग काय झालं कोण जाणे, दोघीही खळखळून हसायला लागल्या. शिट्टी झाली, गाडी हलली. आम्ही हात हलवत होतो. आक्कानं शेवटपर्यंत आमच्याकडं पाहिलं नाही. तिला वेळच नव्हता.

तिला आम्ही पाहिलं ते शेवटचं.