तरोट्याची कॉफी

आमच्या घरी चहापत्ती संपली की माय तरोट्याच्या बिया भाजायची. लोखंडी तव्यावर, पार काळ्या होईपर्यंत. मग पाट्यावर वाटून गुळाच्या पाण्यात उकळायची. चहापत्ती बरेचदा संपलेलीच असायची. बाप रोवणीला, कापणीला दुसऱ्यांच्या बांदीत, म्हणजे धानाच्या बांध घातलेल्या शेतात, जायचा. उरलेलं वर्ष मिळेल ते काम. स्वतःची म्हणायला घरामागे एक बांदी होती, पण तिच्यात पाणी थांबत नव्हतं, म्हणून धान होत नव्हता. पाहुण्यापुढे ते काळं पाणी न्यायची मला लाज वाटायची.

"रंग त चहाचाच हाय," माय म्हणायची, "तोंड काऊन वाकडं करून राह्यली?"

पावसाळ्यात तरोटा, कुठे त्याला टाकळा म्हणतात, कुठेही उगवतो आणि कोवळा असताना त्याची भाजी होते. गावाजवळ त्याला भाजीतून कोणी वाचू देत नाही, म्हणून शेंगा धरेपर्यंत तो उभा राहतो फक्त जंगलाच्या कडेला. दिवाळीच्या मागेपुढे शेंगा वाळल्या की बाया विळे घेऊन निघतात. बिया व्यापारी नेतो. शहरात याची कॉफी बनते, असं तो सांगायचा आणि बाया हसायच्या. "आपली भाजी साहेब लोक कपात पितेत म्हना की!"

अडचण एकच. वाळलेली शेंग उन्हात हात लागताच तडकते आणि बी मातीत जातं. दवानं ओली असेल तरच झाड सबंध कापता येतं. म्हणून तरोट्याला जायचं ते उजाडता उजाडता, धुक्यात. ती वेळ एकट्या आमची नव्हती. जंगलात आम्ही वाघाचं नाव घेत नाही. "तो" म्हणतो. सगळ्यांना कळतं.

बाया विखरून कापत. थोड्या थोड्या वेळानं एकीनं मोठ्यानं "हू" म्हणायचं आणि बाकीच्यांनी एकेक करून "हू" द्यायचा. राखण म्हणून तेवढीच.

बारावी झाले आणि ब्रह्मपुरीला बी.एस्सी.ला लागले. रोज ये-जा जमणारी नव्हती, म्हणून तिथं खोली घेतली. खोलीचं भाडं तरोट्यातून निघत होतं. मला ते कोणी सांगितलं नव्हतं, पण माहीत होतं.

दुसऱ्या वर्षीच्या दिवाळीच्या सुट्टीत मीही गेले. पाच पावलांवरचं दिसत नव्हतं. आमच्या शेजारची मावशी आमच्यासोबत होती, तिनं हू दिला. मी दिला. आणखी दोघींनी दिला. मायचा आला नाही. मावशीनं पुन्हा आवाज दिला. पुन्हा सगळ्यांचे आले, मायचा नाही. सगळे विळे थांबले.

मी धावले नाही. कशीबशी चालत गेले तर माय उभी होती, विळा हातात, नजर खाली. सगळं गवत दवानं पांढरं, आणि तिच्या पायाशी खाटेएवढी जागा कोरडी. गवत दबलेलं. तिनं माझा हात धरून तिथं ठेवला. गवत गरम होतं.

"डुक्कर असन," ती म्हणाली.

"एवढं मोठं डुक्कर?"

"असन म्हनलं ना." मग तिनं जोरात हू दिला, वाकली आणि कापायला लागली. परतताना म्हणाली, "बायांले सांगू नको. उद्या कोनी येनार नाई."

"तू बी नको येऊ."

"मंग ब्रम्हपुरीच्या खोलीत कोन राहीन, डुक्कर?"

तीन दिवसांनी पलीकडच्या गावच्या एका बाईचा हू आला नाही. तिचा विळा सापडला, बांधलेली पेंडी सापडली. पुढचं मी लिहीत नाही. माय चार दिवस घरी बसली आणि पाचव्या दिवशी पुन्हा गेली.

मी ब्रह्मपुरीला परतले. त्यानंतर रोज पहाटे आपोआप जाग यायची. नऊच्या सुमारास मावशीच्या फोनवरून माय एकच शब्द बोलायची, "आली." तोवर माझं कशातच लक्ष नसे. एकदा साडेदहा झाले तरी फोन आला नव्हता. तास चालू होता, फळ्यावर काय होतं ते मला आजही सांगता येणार नाही.

त्याच हिवाळ्यात वनस्पतिशास्त्राच्या मॅडमनी घरी बोलावून आयुष्यातली पहिली खरी कॉफी पाजली. घोट घेतला आणि तोंडातून निघून गेलं, "मॅडम, हे त आमच्या घरचं!" मग त्यांना तव्यावरचा तरोटा सांगावा लागला. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "तुझ्या सेमिनारचा विषय ठरला. कॉफी."

वाचनालयात बसून वाचलं. कॉफी इथिओपियाच्या जंगलातली. फळं खाऊन शेळ्या नाचल्या आणि राखणदाराला ती कळली, असं सांगतात. जिला आपण कॉफीची बी म्हणतो ती लाल फळाच्या पोटातली. तिच्यातलं झोप उडवणारं द्रव्य मुळात किड्यांसाठीचं विष. तरोट्यात ते नाही. आमची झोप उडवायला ते लागतही नव्हतं. अरब व्यापारी बिया उकळून किंवा भाजून विकत, म्हणजे दुसरीकडे कुठे रुजायला नकोत. तरी एका फकिरानं सात बिया अंगाशी बांधून कर्नाटकाच्या डोंगरात आणल्या आणि लावल्या, अशी कथा आहे.

त्या सात बियांवर मी अडकले. कॉफीही आधी जंगलातच वेचत असतील. मग कोणीतरी बी घराजवळ आणून लावली. आम्ही तरोटा कधी पेरलाच नव्हता. तण कोण पेरतं?

पेरणीच्या दिवसांत मी घरामागच्या बांदीत तरोटा पेरला.

"कालेजात गवत पेरनं शिकवतेत का वो?" मायनं विचारलं. नांगरायला शेजाऱ्याचे बैल मात्र बापानंच आणले होते.

रोपं वर आली तशी मावशी टोपली घेऊन आली. "दोन पानं खुडली त मरते का तुमचा तरोटा?"

"पाठी फिर बाई," माय काठी घेऊन उभी, "हे भाजी नाई, कॉफी हाय."

गल्ली हसली. एक म्हातारा तेवढा हसला नाही. "पोरी, तू झुडूप घरापाशी आनलं. झुडपामागं तो बी येते."

त्यावर कोणी हसलं नाही.

तरोटा कमरेएवढा झाला तेव्हा घर आणि तरोटा यांच्यामध्ये मी रुंद पट्टा साफ करून ठेवला, त्याला लपत दारापर्यंत येता येऊ नये म्हणून. बाप मागचं दार दिवसाही कडी लावून ठेवू लागला. कापणीच्या आठवडाभर आधी त्या पट्ट्याच्या पलीकडच्या टोकाला पंजे उमटलेले दिसले. पट्ट्यापर्यंत आले होते आणि वळले होते. मायनं पाहिलं, त्यांवर पायानं माती सारली. या वेळी डुक्कर म्हणाली नाही.

कापणीला बाप कुऱ्हाड घेऊन बांधावर उभा राहिला. मी दारातून हू म्हणायची, माय दवातल्या तरोट्यातून हू द्यायची. एकही चुकला नाही.

भीती गेलेली नाही. मागचं दार अजून बंदच असतं. पण त्या वर्षापासून माय तरोट्यासाठी जंगलात गेली नाही. पुढच्या उन्हाळ्यात मी बी.एस्सी. झाले, आमच्या घरातली पहिली. माय जिवंत आहे.