डाव्या कानाचे दोन काप

राग अजून उतरलेला नाही, म्हणून लिहायला बसलोय. मी लालासाहेब, फौजेतून हवालदार होऊन रिटायर झालेला माणूस. घरात बसून बायकोचं डोकं खाण्यापेक्षा बरं, म्हणून दर रविवारी सकाळी सांगलीत प्रौढांच्या चित्रकलेच्या वर्गाला जातो. एका तालमीच्या वरच्या मजल्यावर तो भरतो. खाली दंडबैठका, वर आम्ही. माझ्या शेजारच्या बस्करावर सुलाबाई बसायच्या. ही हकिकत त्यांची.

सुलाबाई जत भागातल्या धनगर. वयाची पन्नास वर्षं कळपामागं चालण्यात गेली. पावसाळा सरला की पश्चिमेकडं उतरायचं, लोकांच्या रानात खतासाठी कळप बसवायचा, तिथंच तीन दगडांची चूल मांडायची. नऊ वर्षांपूर्वी नवरा गेला. कळप धाकट्या दिरानं, भाऊसोनं सांभाळायला घेतला आणि सुलाबाई कुपवाडला मुलाकडं आल्या. दोन खोल्या, दारासमोर कारखान्याची पांढरी भिंत. चालून चालून जाणार कुठं? विटकरीचा तुकडा घेऊन त्या भिंतीवर जनावरं काढायला लागल्या. सून प्रांजल शहाणी. भिंत पुसायच्या ऐवजी तिनं सासूचं नाव आमच्या वर्गात घातलं.

एक शब्द आधीच सांगून ठेवतो, कारण घोळ तिथूनच सुरू झाला. धनगर मेंढीला बकरी म्हणतात. तुम्ही-आम्ही जिला बकरी म्हणतो, ती त्यांची शेळी. जतमधलं शेंबडं पोरही हे सांगेल. आमच्या दिग्विजय सरांना मात्र ठाऊक नव्हतं.

दिग्विजय सर वाईट माणूस नाहीत, आणि त्याचाच जास्त संताप येतो. वाईट असते तर दोन शब्द सुनावून मोकळा झालो असतो. हातात कला आहे, आमच्यासारख्या म्हाताऱ्यांना फुकट शिकवतात. पण खोड एकच, विद्यार्थ्याच्या कागदावर स्वतःचा हात चालवायचा. त्याला ते सुधारणा म्हणतात. मी काढलेल्या उसाच्या फडाची त्यांनी एकदा नारळाची बाग केली. मी म्हणालो, "येस सर." जन्माची सवय.

वर्गाच्या प्रदर्शनासाठी सुलाबाईंनी तीन रविवार खपून कोळशानं एक मेंढी काढली. मान खाली घातलेली, काळी, नाकाड मोठं. डाव्या कानाच्या कडेला दोन काप.

"ही आमच्या घरची खूण हाय," त्यांनी मला सांगितलं. "मालक सोता कापायचं. दोन कळप मिसळलं तरी कान बघायचा आन् आपलं जनावर वढून घ्यायचं. कुनी भांडत न्हाई."

प्रत्येक घराची खूण वेगळी. ज्याचा कान, त्याचं जनावर. तोडलेला कान भरून काढायचं औषध अजून निघालेलं नाही, म्हणून तर त्यावर सगळ्यांचा विश्वास.

शेवटच्या रविवारी सर फिरत फिरत आमच्यापाशी आले. "आजी, काय काढलंय?"

"बकरी, सर."

"बकरी? मग दाढी कुठंय तिची?"

"आवं, दाढी शेळीला असती. ही बकरी हाय."

वर्ग हसला. यात हसण्यासारखं काही नाही हे मला कळत होतं, तरी मीही हसलो. सरांनी कोळशाची कांडी उचलली आणि चार फटकाऱ्यांत दाढी काढली. झकास दाढी, नाव ठेवायला जागा नाही. मग म्हणाले, "आणि हा कान बघा, हात थरथरला ना?" दोन्ही काप त्यांनी भरून टाकले.

"सर, त्यो कान..."

"आता बघा, कशी जिवंत वाटतेय!"

जे आजवर एकाही चोराला जमलं नाही, ते सरांनी एका कांडीत करून दाखवलं. आणि मी? मला त्या कानाचा अर्थ माहीत होता. सरहद्दीवर वर्षं काढलेला माणूस मी, एका कोळशाच्या कांडीपुढं माझी दातखीळ बसली. त्या दिवशी सुलाबाईंनी माझ्याकडं एकदा पाहिलं आणि पिशवी आवरून निघून गेल्या. आपण मूग गिळून बसलो, याची चीड मला सरांवरच्या चिडीपेक्षा जास्त आहे.

प्रदर्शनाच्या सकाळी भाऊसो जतहून आले, ठेवणीतलं मुंडासं बांधून. पाहुणे यायचे होते. दाराला फीत बांधलेली, टेबलावर ताटात कुंकू, नारळ, कात्री. सुलाबाई दिराला फितीखालून वाकवून आत घेऊन गेल्या. बोर्डाला टाचलेल्या चित्राखाली चिठ्ठी होती, 'माझी बकरी'. भाऊसोंनी दाढीकडं ढुंकून पाहिलं नाही. कान पाहिला.

"वैनी, ही कुनाची बकरी?"

भाऊसो कागदाच्या आणखी जवळ वाकले.

"कान सलग हाय. दादाची न्हवं ही. कुनाची आनलीसा?"

धनगराच्या बाईला असं विचारणं म्हणजे चोर म्हणण्यासारखंच. तेही सख्ख्या दिरानं, तेही मेलेल्या नवऱ्याच्या जनावरावरून. सुलाबाईंचा चेहरा काळानिळा पडला. त्या वळल्या, टेबलापाशी गेल्या आणि ताटातली कात्री उचलली.

सर धावले. "आजी, अहो पाहुणे खाली आलेत! चित्र फाडताय तुम्ही!"

"फाडत न्हाई. खूण घालतीय."

सरांनी हात पुढं केला आणि मी मध्ये उभा राहिलो. "सर, मागं व्हा." परेडचा आवाज होता. एक रविवार उशिरा निघाला, पण निघाला.

सुलाबाईंनी कात्रीचं टोक कागदात खुपसलं. डाव्या कानाच्या कडेला एक काप, खाली दुसरा. हात अजिबात थरथरला नाही. मग त्यांनी सरांची दाढीही कापून काढली आणि तिचा तुकडा सरांच्या हातावर ठेवला. जिन्यात पाहुण्यांच्या चपला वाजत होत्या.

भाऊसो पुढं आले. कळपात चाचपतात तसा दोन बोटांनी त्यांनी कागदाचा कान चाचपला, पहिला काप, दुसरा काप. मग डोक्यावरचं मुंडासं काढून हातात घेतलं.

"व्हय वैनी," ते म्हणाले. "दादाचीच हाय."