लेन्सच्या पाठीमागे

"सगळं आलंय रे. पण हे खंय?"

आईने हे विचारलं तेव्हा बाबांना जाऊन चार महिने झाले होते. चारकोपच्या घरात जेवणाच्या टेबलाशी बसून ती टॅबलेटवर बोट फिरवत होती. बाबांच्या आयुष्यातल्या एकुलत्या एका प्रदर्शनाचा तो फोटो, मी काढलेला. असा फोटो बोटाने गोल फिरतो. चारी भिंती, छत, जमीन, सगळं दिसतं, आणि एखाद्या चित्रावर बोटं फाकवली तर कॅनव्हासचे धागे मोजता येतील इतकं ते मोठं होतं. आईने हॉलच्या तीन फेऱ्या मारल्या होत्या. चित्रं तिने घरात जन्मभर पाहिली होती, त्यांचं तिला कौतुक नव्हतं. तिला बाबा हवे होते, आणि ते कुठेच दिसत नव्हते.

"ते नाहीत त्यात," मी म्हणालो. "या फोटोत माणूस ठेवत नाहीत."

"कोण ठेवत नाही?"

"आम्हीच."

असे फोटो काढणं हा माझा धंदा. अंधेरीतली फर्निचरची दुकानं, मुलुंड-घाटकोपरचे विकायला काढलेले फ्लॅट, क्वचित एखादी आर्ट गॅलरी. खोलीच्या मधोमध ट्रायपॉड उभा करायचा, कॅमेरा थोडा थोडा वळवत एक अख्खी फेरी घ्यायची. आधी छताकडची, मग जमिनीकडची, शेवटी सरळ. नंतर हे सगळे तुकडे कॉम्प्युटरवर जोडायचे. मधेच कोणी आलं-गेलं तर जोडकामात त्याचं अर्धंच अंग उरतं. त्याला आम्ही भूत म्हणतो. म्हणून माणसांना आधी बाहेर काढायचं, आणि तरीही भूत राहिलंच तर ते पुसायचं. दोन्हींत माझा हात बसलेला आहे. बाहेर काढताना मी जरा गुरकावतो, गोड बोलून कोणी हलत नाही.

बाबा पालिकेच्या शाळेत चित्रकला शिकवत. घरी असले तरी त्यांचं लक्ष घरात नसायचं. जेवताना आमटीत बोट बुडवून ताटाच्या काठावर रेघा ओढत बसायचे. आईने तीनदा हाक मारल्याशिवाय ओ दिली असेल असं मला आठवत नाही. निवृत्तीनंतर बऱ्याच वर्षांनी बोरिवलीतल्या एका वाचनालयाच्या वरचा हॉल त्यांना आठवडाभर मिळाला. शेवटच्या दिवशी सकाळी, लोक यायच्या आधी, मी कॅमेरा लावला आणि सवयीने म्हणालो, "बाबा, बाहेर थांबा जरा."

"मी नाही जात," ते म्हणाले. "उद्या हे सगळं उतरणार. मला आत राहू दे ना."

ते कधी काही मागत नसत, त्यामुळे मला नाही म्हणणं जमलं नाही. मी त्यांना आमची युक्ती सांगितली. फोटो काढणारा फोटोत येत नाही, कारण तो लेन्सच्या पाठीमागे राहून लेन्सबरोबर गोल चालतो. "माझ्या मागोमाग चाला. मी थांबलो की थांबा." त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्यांचा गुडघा दुखरा, त्यामुळे हाताचा भार चांगलाच लागत होता. एक क्लिक, एक पाऊल. समोरून एकेक चित्र सरकत होतं: मालवणीची खाडी, औद्योगिक वसाहतीतली पत्र्याची छपरं, आमच्या मोरीतली निळी बादली. दोन फेऱ्या अशा झाल्या.

तिसऱ्या, सरळ फेरीत खांदा अचानक हलका झाला. मी कॅमेऱ्यावरचे आकडे बघत होतो. वळवून क्लिक केलं आणि मान वर केली, तर बाबा भिंतीपाशी, एका चित्रासमोर उभे.

"बाबा, मागे या! वाट लावली ना फोटोची!" मी दुकानदारावर ओरडतो तसा ओरडलो. ते निमूट परत आले आणि पुन्हा खांदा धरला. पुढच्या क्लिकमध्ये त्याच भिंतीपाशी कोणी नव्हतं.

जोडकाम करताना ते भूत समोर आलं: एक कान, मागचे पांढरे केस आणि उजवा खांदा. शेजारच्या फोटोतली भिंत घेऊन मी ते पुसलं. पाच मिनिटंही लागली नाहीत. काम सफाईदार झालं म्हणून मी स्वतःवर खूशही झालो होतो. आई "हे खंय" म्हणाली तेव्हा मला हे सगळं आठवलं आणि मनापासून लाज वाटली. तिला काहीच न सांगता मी माझ्या घरी आलो.

काम संपलं की मूळ फोटो मी उडवून टाकतो, नाहीतर जागा अडते. पण हे घरचं काम. आवरू कधीतरी म्हणत तसंच पडून राहिलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा मी एक भूत पुसायच्या ऐवजी परत जागेवर बसवलं. कडा जुळेनात. मी जुळवत बसलोही नाही.

पुढच्या रविवारी टॅबलेट आईपुढे ठेवला आणि आधीच सांगून टाकलं, "पूर्ण नाहीत. खांद्याखाली काही नाही, तोंडही दिसत नाही. मीच पुसलं होतं त्यांना."

ती रागावली नाही. तिने बोट फिरवलं आणि मी न सांगता बरोब्बर त्या भिंतीशी थांबली. तिथे तिचंच चित्र होतं, पाठमोरी बसून तिसऱ्यांचे शिंपले साफ करतानाचं. "माझी पाठ एवढी रुंद नाय," म्हणून तिने ते घरात कधी लावू दिलं नव्हतं. त्या रुंद पाठीसमोर बाबांचा एक कान आणि एक खांदा उभा होता.

तिने बोटं फाकवून तो खांदा मोठा केला. मी पुन्हा म्हणालो, "अर्धेच आहेत गं."

"घरी तरी कधी पूर्ण असायचे?" आई म्हणाली. "माझ्यापाशी थांबले, हे खरं ना?"